पाठ केलेली उत्तरं

बाप्तिस्म्याआधी पादरीसाहेबांनी मला एक पातळ पुस्तिका दिली होती. देव कोण आहे, पाप म्हणजे काय, तारण कशानं होतं, असे शंभराच्या आसपास प्रश्न आणि त्यांच्याखाली हिंदीत उत्तरं. ते म्हणाले, "घाई नाही. तीन-चार महिने घ्या, समजून वाचा." मी अकराव्या दिवशी त्यांच्यासमोर बसून ती सगळी म्हणून दाखवली. मधला कुठलाही प्रश्न विचारला तरी उत्तर तयार. त्यांनी चष्मा काढला आणि माझ्याकडे बघत राहिले. त्यांना वाटलं, हा माणूस तहानलेला आहे.

तसं काही नव्हतं. पाठांतर ही आमच्या घरातली रोजची गोष्ट होती. पणजोबांच्या आधीपासून आम्ही काशीत, ब्रह्माघाटाच्या मागच्या गल्लीत. वडिलांना आम्ही अण्णा म्हणायचो. महाराष्ट्रातून येणाऱ्या यात्रेकरूंचे विधी ते दशाश्वमेधावर करायचे. मला त्यांनी सात वर्षांचा असल्यापासून सकाळी समोर बसवून सूक्तं म्हणायला लावली. आधी तोंडात बसू दे, अर्थ मग सांगतो, असं म्हणायचे. पुढे त्यांनी अर्थ सांगितलाही, पण तोवर माझं लक्ष उडालं होतं. मी शिकलो, विद्यापीठाच्या परीक्षा विभागात कारकून झालो. कळलं नाही तरी तोंडात बसवायची हातोटी तेवढी राहिली.

ती पुस्तिका मी पाठ केली ती लग्नासाठी.

माझी बायको नगर जिल्ह्यातली, तिसऱ्या पिढीची ख्रिस्ती. इथल्या एका मिशन हॉस्पिटलात ती नर्स होती आणि मी टायफॉइडनं तिथे नऊ दिवस पडलो होतो. कागदावरचं आडनाव वाचून तिनं मराठीत विचारलं, "ताप कधीपासून आहे?" घराबाहेर कुणी मराठीत काही विचारावं याचंच मला अप्रूप. मी म्हटलं, "चार दिवस झाले, फार परेशान आहे." ती हसली. आमच्या मराठीत हिंदी किती मिसळली आहे हे मला तिच्यामुळे कळलं.

दोन वर्षांनी लग्नाचं निघालं तेव्हा तिच्या वडिलांचं पत्र आलं. मुलगा आपल्या लोकांतला नसला तरी हरकत नाही, पण प्रभूचा असावा, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. तिनं ते पत्र माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, "तुला पटत नसेल तर तसं सांग. आपण कोर्टात लग्न करू. बाबांची समजूत मी घालीन."

मी म्हटलं, "पटतंय मला."

का म्हटलं ते मी पुष्कळदा आठवून बघितलं आहे. तिला खूश करायचं होतं हे खरं. पण त्याहून जास्त, मला अडचण नको होती. दोन शब्दांत सगळं सुटत होतं.

अण्णांना सांगायला गेलो तेव्हा ते पंचांग बघत बसले होते. आई जाऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती, घरात आम्ही दोघंच. मी सांगितलं. त्यांनी पंचांग मिटलं. आता आवाज चढणार म्हणून मी खांदे आखडून उभा होतो. ते शांतपणे म्हणाले, "तुला खरंच पटलंय का? लग्नासाठी करत असशील तर तसं सांग. मी तिला सून म्हणून घरात घेतो, तुला कुठे जायची गरज नाही. गल्लीतले बोलतील, बोलू देत. पण पटलं असेल तर मग गोष्ट वेगळी आहे."

दशाश्वमेधावर पौरोहित्य करणाऱ्या माणसानं हे म्हणणं म्हणजे काय, हे तेव्हा माझ्या ध्यानातच आलं नाही. माझ्या डोक्यात एवढंच होतं की तिला मी "पटतंय" असं सांगून बसलो आहे, आणि आता दोघांना दोन उत्तरं कशी द्यायची. मला लाज वाटली. म्हणून मी दुसरंही उत्तर तेच दिलं.

"पटलंय, अण्णा."

"मग जा," ते म्हणाले. "पण अर्धवट राहू नकोस."

नातेवाइकांनी त्यांना पुष्कळ ऐकवलं. ते प्रत्येकाला एकच सांगत, त्याला पटलं, तो गेला. त्यांची काही यजमानांची घरं त्यामुळे सुटली. त्यांनी मला कधी बोलून दाखवलं नाही. मी कँटोन्मेंटच्या बाजूला भाड्यानं राहायला गेलो, दर शनिवारी त्यांना भेटायला जायचो. माझी बायको आली की तिच्यासाठी ते स्वतः चहा करायचे.

आमच्या चर्चची मंडळी लहान, चाळीसेक माणसं. बहुतेक हिंदी बोलणारी. तिथे दर महिन्याला कुणीतरी उभं राहून गवाही द्यायचं, म्हणजे आपण विश्वासात कसे आलो ते सांगायचं. काशीच्या भटजीचा मुलगा ख्रिस्ती झाला म्हटल्यावर माझी पाळी लवकर आली. पहिल्यांदा मी एवढंच म्हणालो की आजारपणात हॉस्पिटलात मला शांत वाटलं. लोकांनी मान डोलावली, पण त्यांना आणखी काही हवं होतं हे दिसत होतं. पुढच्या वेळी मी सांगितलं की बरा झाल्यावर एका पहाटे मी भोसले घाटाच्या पायरीवर बसलो असताना मला कुणीतरी नावानं हाक मारल्यासारखं झालं. त्याच्या पुढच्या वेळी "सारखं" गळून पडलं.

घरी येताना बायको म्हणाली, "भोसले घाटावर तू कधी गेला होतास?"

"तसं बोलायची पद्धत असते," मी म्हटलं.

ती पुढे चालू लागली. नगरला सासुरवाडीला गेलो की तिथल्या मंडळीतही मला उभं करायचे. माझे सासरे पहिल्या बाकावर बसून डोळे पुसायचे. आपल्या बोलण्यानं माणसं रडतात हे बघायची एक चटक असते. ती मला लागली होती. पण उपासनेत डोळे मिटून बसलं की मला पाच मिनिटंही धड बसवत नसे. आजूबाजूला सगळे देवाशी बोलत असायचे, बायकोचे ओठ हलत असायचे, आणि मी पायाची बोटं चपलेत दाबत घड्याळाकडे बघत असायचो.

पंधरा वर्षं अशी गेल्यावर अण्णा आजारी पडले. यकृताचं दुखणं, तीन महिन्यांत खाटेला खिळले. एका दुपारी त्यांनी मला जवळ बोलावलं. त्यांचा पुतण्या, म्हणजे माझा चुलतभाऊ, तिथेच औषध काढत उभा होता.

"माझं सगळं यानं करायचं," अण्णा त्याच्याकडे बोट करून म्हणाले. "तू नाही."

"का, अण्णा?"

"तुला ते आता खरं वाटणार नाही. माझ्यासाठी म्हणून करशील, तोंडानं मंत्र म्हणशील, आणि मनात तुझ्या देवाची माफी मागत बसशील. तसलं मला नको. तू एकाला धरलंयस ना, मग त्याच्याशी इमानानं राहा."

त्या वेळी मी बोलायला हवं होतं. अण्णा, मी कुणालाच धरलेलं नाही, मी फक्त लग्न केलं, असं सरळ सांगायला हवं होतं. चुलतभाऊ तिथे होता हे एक कारण मी स्वतःला सांगतो. पण तो पाणी आणायला आत गेला होता तेव्हाही मी गप्पच होतो. पंधरा वर्षं या माणसानं माझ्यासाठी लोकांचं ऐकून घेतलं ते माझी श्रद्धा खरी आहे असं समजून. मरताना त्यांच्या हातून तेवढंही काढून घ्यायचं का, असं मी मनाशी म्हणत राहिलो. खरं तर मला भीती वाटली.

चार दिवसांनी ते गेले. मणिकर्णिकेवर चुलतभावानं अग्नी दिला. मी लाकडांच्या राशीपाशी उभा होतो. ओळखीचे लोक माझ्याकडे बघून नजर वळवत होते. पुरोहित म्हणत होता ते सगळं मला पाठ होतं, आणि एका जागी तो अडखळला तेव्हा पुढचा शब्द माझ्या तोंडात आला. मी ओठ आवळून घेतले.

समाचाराला पादरीसाहेब आले. दुःखात होतो, त्यांनी हात धरून प्रार्थना केली, ते बरं वाटलं. निघताना म्हणाले, "भाई, तुम्ही बापाच्या चितेपाशीसुद्धा विश्वास सोडला नाहीत. हे मंडळीला सांगा. पुष्कळांना बळ मिळेल."

आणि मी ते सांगितलं. आयुष्यात केलेल्या सगळ्या गोष्टींत मला या एकीची सर्वांत जास्त शरम वाटते. अण्णांनी स्वतः मला बाजूला केलं होतं, ते मी वगळलं. अग्नी द्यायचा मला आग्रह झाला, मी नकार दिला, असं सांगितलं. माणसं रडली.

ती गवाही ऐकणाऱ्यांत एक मिस्त्री होता. वय चाळिशीच्या अलीकडचं, गंगेपलीकडे रामनगरच्या बाजूला त्याचं पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायचं दुकान. तो शेवटच्या बाकावर बसायचा, गाताना आवाज फार मोठा. त्याचा बाप्तिस्मा झालेला नव्हता. आता इथे धर्म बदलायचा तर आधी जिल्हाधिकाऱ्याकडे अर्ज द्यावा लागतो, चौकशी होते, आणि आई आहे तोवर तिला तो त्रास नको म्हणून त्यानं ते पुढे ढकललं होतं. पण दर रविवारी स्कूटर घेऊन यायचा. मला भाईसाहब म्हणायचा. आमच्या घराची मोटार तोच बघायचा.

त्या गवाहीला सात-आठ वर्षं होऊन गेली, आणि गेल्या हिवाळ्यात तो तीन रविवार दिसला नाही. चौथ्या आठवड्यात, सुट्टीच्या दिवशी सकाळी, आमच्या दारात उभा राहिला. डोक्यावर लोकरी टोपी, दाढी वाढलेली. बायकोनं चहा ठेवला. त्यानं सांगितलं, आई गेली.

"आमच्याकडे आईला धाकटा मुलगा आग देतो," तो म्हणाला. तो हिंदीत बोलत होता, मी माझ्या शब्दांत सांगतो आहे. "म्हणजे मीच. सगळे माझ्याकडे बघत होते. मोठ्या भावानं गवताचा पेटता पुळा हातात दिला. मला तुमची आठवण झाली, भाईसाहब. तुम्ही चितेपाशी कसे उभे राहिलात ते. मी पुळा परत दिला."

"मग?"

"भावानं केलं. तेव्हापासून घरात कुणी बोलत नाही. वहिनी म्हणाली, आईनं नऊ महिने पोटात ठेवलं आणि तुझ्या हातून एवढंही झालं नाही. बायको मुलीला घेऊन माहेरी गेली आहे." त्यानं कप खाली ठेवला. "मी चूक केली असं मला म्हणायचं नाही. फक्त विचारायला आलो. तुम्हाला त्यानंतर शांती कशी मिळाली? मला झोप लागत नाही."

बायको ओट्यापाशी उभी होती. तिनं माझ्याकडे बघितलं. मला कळलं की आता जर मी पुन्हा तोच पाठ म्हटला तर ती या खोलीत थांबणार नाही.

मी म्हटलं, "मला शांती मिळालेली नाही."

त्याला वाटलं मी नम्रपणे बोलतो आहे. तो म्हणाला, "असं कसं?"

मग मी सगळं सांगितलं. अण्णांनी मला बाजूला केलं होतं. मी नकार दिलाच नव्हता, कारण कुणी विचारलंच नव्हतं. घाटावर हाक ऐकू आली नव्हती. लग्नासाठी बाप्तिस्मा घेतला. सांगायला दहा मिनिटंही लागली नाहीत. सांगताना मी त्याच्या टोपीकडे बघत होतो, तोंडाकडे बघवत नव्हतं.

त्यानं टोपी काढून मांडीवर ठेवली. मग म्हणाला, "म्हणजे मी आईला आग दिली असती तर चाललं असतं?"

"मला माहीत नाही."

"तुम्हाला माहीत असेल म्हणून तर मी तुमच्यासारखं केलं."

तो उठला आणि गेला. स्कूटर दोन-तीनदा किक मारूनही सुरू झाली नाही, तेव्हा तो ती ढकलत गल्लीच्या टोकापर्यंत गेला. मी दारात उभा राहून बघत होतो. मदतीला जायचं धाडस झालं नाही.

बायको म्हणाली, "घाटाचं खोटं आहे हे मला ठाऊक होतं. अण्णांचं ठाऊक नव्हतं."

"मग घाटाबद्दल इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"ते खरं असावं असं मलाही वाटायचं. म्हणून." तिनं कप उचलले. "त्यात माझीही चूक आहे. पण तुझी मी माझ्या अंगावर घेणार नाही."

त्या आठवड्यात मी ऑफिसात तीन गुणपत्रिकांवर चुकीचे शिक्के मारले. पादरीसाहेबांकडे गेलो आणि रविवारी मंडळीपुढे बोलायची परवानगी मागितली. आता तेही थकले आहेत, निवृत्तीला आलेत. सगळं ऐकून त्यांनी डोकं धरलं. म्हणाले, देवापाशी कबूल करा, तो क्षमा करतो, माणसांपुढे बोलून दुबळ्यांचा विश्वास कशाला हलवायचा. मी म्हटलं, खोटं माणसांपुढे बोललो होतो.  जरा वेळानं त्यांनी होकाराची मान हलवली आणि विचारलं, "अकरा दिवसांत पुस्तिका पाठ केलीत, तेव्हा मी एकही प्रश्न पुस्तकाबाहेरचा विचारला नव्हता, नाही का?" मी म्हटलं, "नव्हता विचारला." 

रविवारी मी उभा राहिलो आणि सांगितलं. मिस्त्री आला नव्हता.  बोलून झाल्यावर पेटीवाल्यानं पुढच्या गीताचा सूर धरला. बाहेर पडताना दोन घरं माझ्याशी न बोलता गेली, ते मला समजण्यासारखं होतं. पण एक पाहुणे, अलाहाबादकडून आलेले गृहस्थ, माझे दोन्ही हात धरून म्हणाले, "काय गवाही दिलीत, भाई. आमच्या मंडळीत येऊन हे सांगाल का?"  मी हात सोडवून घेतले आणि बायकोची वाट न बघता रस्त्याला लागलो.

नंतर एका दुपारी मी पूल ओलांडून मिस्त्रीच्या दुकानात गेलो. तो मोटारीत तांब्याची तार भरत होता. त्यानं मला बसायला स्टूल दिलं, पण हात थांबवले नाहीत. मी म्हटलं, सगळ्यांपुढे सांगितलं. तो म्हणाला, ऐकलं.

"आता तू येणार नाहीस का?"

"येईन. येशू माझ्याशी खोटं बोलला नाही. तुम्ही बोललात." तारेचं टोक त्यानं पक्कडीनं कापलं. "आईचं मात्र मला समजत नाही. रोज विचारतो. उत्तर येत नाही. तरी विचारतो."

"अर्जाचं?"

"देणार आहे. बायको परत आली की तिच्याशी बोलून. ती नाही म्हणाली तर थांबेन."

"कचेरीत मी येऊ का बरोबर?"

"नको," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता. "तिथे विचारतील, कुणाच्या सांगण्यावरून आलास. मला कुणाचंच नाव घ्यायचं नाही."

त्याची बायको होळीनंतर परत आली. भाऊ अजून बोलत नाही. अर्ज त्यानं उन्हाळ्यात एकट्यानं जाऊन दिला, चौकशीला दोन शिपाई येऊन गेले, त्यांनी शेजाऱ्यांनाही विचारलं. पुढे काय होतं ते अजून कळायचं आहे. तो गातो पूर्वीसारखाच मोठ्यानं. मला आता भाईसाहब म्हणत नाही, नावानं हाक मारतो.

मी चुलतभावालाही जाऊन सांगितलं. तो ऐकून घेऊन म्हणाला, "मग आता श्राद्ध तू करणार का?" मी विचार केला आणि नाही म्हटलं. आता केलं तर तेही तोंडानंच होईल. तो म्हणाला, "तू मग आहेस तरी कुठे?" 

मंडळीत प्रभुभोजनाच्या वेळी मी ताट पुढे देतो, भाकर घेत नाही. हे मी स्वतःच ठरवलं. नवीन येणाऱ्यांना वाटतं की मला काही शिक्षा झाली आहे. पादरीसाहेब दोनदा म्हणाले, या, घ्या, भुकेल्या माणसासाठीच ते आहे. मला भूक आहे की नुसती सवय, हेच मला ठरवता येत नाही. लग्नाला चोवीस वर्षं झाली, आणि बायको हल्ली कधीतरी सरळ विचारते, "आज काही बोललास का प्रभूशी?" मी नाही म्हणतो. कधी म्हणतो, सुरुवात केली होती, पुढे काय म्हणायचं ते कळेना. ती त्यावर उपदेश करत नाही.

मागच्या महिन्यात एका रविवारी मी ठरवून गेलो नाही. म्हटलं, बघू तर खरं. बायको एकटी गेली. मी वर्तमानपत्र उघडलं, मिटलं, गच्चीवर जाऊन टाकीत पाणी बघून आलो, दोनदा चप्पल घालून काढली. ती आली तेव्हा मी दारातच होतो. मी विचारलं, "आज काय वाचलं?" तिनं अध्याय सांगितला. मी बायबल काढलं आणि उभ्याउभ्याच वाचायला लागलो.